बापूंची रोजची फाईल

१

माऊसला हात लावणाऱ्यांची परीक्षित देशकरला कीव यायची. चित्रांवर टिचक्या मारत काय बसायचं? काळी खिडकी उघडावी, दोन शब्द टाइप करावेत, एंटर दाबावं, की हवी ती फाईल, हवा तो प्रोग्रॅम समोर हजर. कॅनडात, वॉटर्लूतल्या त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत नवी पोरं लागली की पहिल्याच दिवशी तो त्यांना हे ऐकवायचा. पोरं माना डोलवायची आणि त्याची पाठ फिरली की हसायची.

हीच विद्या त्याने बापूंवर चालवली. बापू म्हणजे त्याचे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून नागपूरच्या फ्लॅटमध्ये शेवंताबाईंच्या भरवशावर राहणारे. त्यांची देखभाल करणाऱ्या शेवंताबाई चोवीस तास तिथेच असत. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बापूंचं उठणं-चालणं थांबलं, उजवा हात थरथरू लागला आणि मागोमाग आठवणीही निसटायला लागल्या. मग परीक्षितने मागच्या खेपेला त्यांच्या पलंगासमोर एक कॉम्प्युटर मांडला, त्याला टीव्हीएवढा पडदा जोडला आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवला. वॉटर्लूच्या घरात बेसमेंटमध्ये बसून तो एक ओळ टाइप करायचा आणि नागपुरात बापूंसमोर पेपर उघडायचा. दुसरी ओळ टाकली की नाट्यसंगीत. तिसरी टाकली की खुद्द परीक्षित, व्हिडिओ कॉलवर. बापूंना बोट हलवायची गरज नव्हती. नातेवाइकांत वाहवा झाली. एवढं लांब राहून कोण करतं हो, असं सगळे म्हणाले आणि परीक्षितने ते खरं मानलं.

घोडं अडलं ते वेळेपाशी. नागपूरची संध्याकाळ म्हणजे वॉटर्लूची सकाळ, आणि सकाळी ऑफिसची मीटिंग. त्यात बापू रोज तेच विचारणार, रोज तीच उत्तरं ऐकणार आणि उद्या विसरणार. मग रोज नव्याने बोलायचं कशाला? एका रविवारी परीक्षितने निळा स्वेटर चढवला, कॅमेऱ्यासमोर बसला आणि एकदाच काय ते बोलून टाकलं. "बापू, कसे आहात?" इथे तो जरा थांबला. "चहा झाला? गोळ्या घेतल्या?" पुन्हा थांबला, मान डोलवली. "हो का? बरं बरं. येतो मी लवकरच. काळजी घ्या." बापूंच्या उत्तरांसाठी जागा सोडायला तो विसरला नाही. कामात तो चोख होता. फाईलचं नाव ठेवलं 'रोज', आणि दिवेलागणीला ती आपोआप उघडावी अशी आज्ञा नागपूरच्या मशीनला देऊन ठेवली.

बापूंना काही कळलं नाही. परीक्षितला सुरुवातीला लाज वाटली, पुढे तीही वाटेनाशी झाली.

२

फेब्रुवारी सरत आला होता. ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने उपसून परीक्षित खाली बेसमेंटमध्ये आला आणि मीटिंगपूर्वी सहज नागपूरच्या मशीनवर शिरला. डिस्क भरत आली आहे, अशी सूचना तिथे पडून होती. तिथे भरण्यासारखं होतं काय? थोडी गाणी, थोडे फोटो. त्याने फायलींची यादी मागवली आणि तो बघतच राहिला. 'रोज' वाढली होती. जेवढी त्याने ठेवली होती त्याच्या कितीतरी पट.

डिस्क बिघडली असेल, तो मनाशी म्हणाला. जुनं मशीन, नागपूरची वीज, असं होतंच. त्याने फाईलची प्रत इकडे ओढून घेतली आणि एक ओळ टाकून उघडली.

पडद्यावर तोच होता. मागे बेसमेंटची भिंत, हीटरची घरघर. "बापू, कसे आहात?" सगळं जसंच्या तसं. "काळजी घ्या" झालं. इथे आपण हात पुढे करून रेकॉर्डिंग थांबवलं होतं, हे त्याला लख्ख आठवत होतं. पडद्यावरच्या परीक्षितने हात पुढे केला नाही. तो बसून राहिला. हनुवटी मुठीवर टेकवून ऐकत राहिला. मध्येच हसला, अगदी मनापासून. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "मग? त्या इंजिनिअरने काय केलं?"

ती गोष्ट परीक्षितला माहीत होती. धरणाचा दरवाजा पुराच्या पाण्यात अडकला आणि साहेब पळून गेला, ती. बापूंनी ती शंभरदा सुरू केली होती आणि परीक्षितने शंभरदा "आता नको, बापू" म्हणून तोडली होती. साहेबाचं पुढे काय झालं, हे त्याला आजतागायत माहीत नव्हतं.

त्याने आवाज वाढवला. हीटरची घरघर आता येत नव्हती. तिच्या जागी पंख्याची करकर येत होती, बापूंच्या खोलीतल्या पंख्याची.

परीक्षितने खिडकी बंद केली. एखाद्या जुन्या कॉलचं रेकॉर्डिंग या फाईलला चिकटलं असणार, असं त्याने ठरवलं. पण तसा कॉल आपण कधी केला होता, हे मात्र त्याला सांगता येईना. तेवढ्यात मीटिंगची घंटी वाजली आणि तो सुटल्यासारखा तिकडे वळला.

३

दुसऱ्या दिवशी त्याने शेवंताबाईंना फोन लावला.

"बापू बरे आहेत ना?"

"मस्त आहेत जी," शेवंताबाई म्हणाल्या. "रोज तुमच्यासंग बोलून राहिले ना. लय खुलले."

"किती वेळ बोलतात?"

"दिवे लागले का सुरू, तं जेवणापर्यंत. दार लावून हसतात काय, बोलतात काय! दोन कप चहा मागतात आत."

"दोन? दोन कशाला?"

"एक साखरेचा, एक बिनसाखरेचा."

बापू चहात दीड चमचा साखर घेत. बिनसाखरेचा चहा परीक्षित प्यायचा. कॅनडात आल्यावर लागलेली सवय.

"आणि कप? दोन्ही रिकामे येतात?"

"तं काय! चांगला चहा कोन टाकून देते?"

"शेवंताबाई, बापूंना उठता येत नाही. मग दार कोण लावतं आतून?"

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. "ते मले नाही माहीत जी," त्या म्हणाल्या. "दार लागते, एवढं खरं."

म्हातारी बाई, काहीही बोलते. वाऱ्याने लागत असेल दार. बापूच पीत असतील दोन्ही चहा. परीक्षितने एकेक गोष्ट अशी निकालात काढली आणि तरीही दिवसभर त्याला स्वतःसाठी चहा करवेना.

४

शेवटी त्याने एका सकाळी मीटिंगला दांडी मारली. 'रोज' उघडायची आज्ञा काढून टाकली आणि त्या जागी कॉलची ओळ टाइप केली. बोटं नेहमीसारखी चालेनात, तीनदा खोडून लिहावं लागलं. एंटर दाबताच नागपूरची खोली समोर आली.

बापू उशांना टेकून बसले होते. अंगात बनियन, कपाळावर घामाचे थेंब. दाढी गुळगुळीत केलेली, केस विंचरलेले. झटक्यानंतर ते इतके नीटनेटके कधी दिसले नव्हते. पलंगाशेजारी खुर्ची होती. तिची पाठ तेवढी दिसत होती, बाकीची चौकटीबाहेर.

"बापू, कसे आहात?"

बापूंनी पडद्याकडे पाहिलं. दारावर आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं, जरा संकोचाने. "कोण पाहिजे आपल्याला?"

"बापू, मी परीक्षित."

बापू हसले. त्यात चेष्टा नव्हती, समजूत होती. "तुमची काहीतरी चूक होतेय. परीक्षित इथे बसलाय माझ्याजवळ. रोज येतो तो."

"बापू, तिथे कोणी नाही. मी कॅनडातून बोलतोय. नीट बघा माझ्याकडे."

बापूंनी नीट बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर भीती उतरली. ज्या बापाला आयुष्यात कधी कोणालाही भिताना परीक्षितने पाहिलं नव्हतं, तो बाप त्याच्या तोंडाकडे बघून घाबरला. खुर्चीकडे वळून ते हळूच म्हणाले, "अरे, बघ रे कोण आहे हा. बंद कर ते."

खुर्ची करकरली. चौकटीच्या कडेने एक हात आत आला. नागपूरचा उन्हाळा तापायला लागला होता, आणि त्या हातावर मनगटापर्यंत निळी लोकरीची बाही होती.

पडदा काळा झाला. काळ्या खिडकीत एक कोरडी ओळ उमटली. कनेक्शन पलीकडच्या बाजूने बंद करण्यात आलं आहे.

त्याने घाईघाईने मशीनवर शिरून 'रोज' पुसून टाकली. यादीत ती दिसेनाशी झाली, आणि तेव्हा त्याला त्याच्या धंद्यातली एक साधी गोष्ट आठवली. उघडी असलेली फाईल पुसली, तर पुसलं जातं ते तिचं नाव. जे उघडलेलं असतं ते चालूच राहतं. काय काय चालू आहे, हे बघायला त्याने पुन्हा आत शिरायचा प्रयत्न केला. पासवर्ड चुकीचा आहे, असं उत्तर आलं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तो पासवर्ड जगात त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हता.

५

बायकोला त्याने अर्धंच सांगितलं. बापू ओळखत नाहीत म्हणाला, हाताचं बोलला नाही.

जाई भांडी डिशवॉशरमध्ये लावत होती. ती थांबली. "तिकीट काढ, परीक्षित. बास झालं आता."

"नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे गं पुढच्या आठवड्यात."

"रिलीज काय, दर महिन्याला असतं. शाळेला मार्च ब्रेकची सुट्टी आहे, मी ऊर्मीला घेऊन हॅमिल्टनला दादाकडे जाते आठवडाभर. तू जा आणि बापूंजवळ बस. कम्प्युटर नको, फोन नको. नुसता बस."

ऊर्मी सोफ्यावरून म्हणाली, "यू शुड गो, बाबा. ही इज युअर डॅड."

लेकीने असं म्हटल्यावर काय बोलणार? त्याने तिकीट काढलं. नंदनला, म्हणजे जाईच्या भावालाही तसं कळवलं. शनिवारी जाई आणि ऊर्मी हॅमिल्टनला गेल्या. त्याचं विमान रविवारी होतं. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

रविवारी सकाळी मॅनेजरचा फोन आला. माणसं कमी आहेत, तू नसलास तर रिलीज बुडेल, पण फॅमिली इमर्जन्सी असेल तर आय टोटली अंडरस्टँड, असं तो म्हणाला. नाही म्हणायला परीक्षितला पूर्ण मोकळीक होती. खरंतर कोणी त्याला अडवलंच नव्हतं.

तो बॅगेकडे बघत उभा राहिला. जाऊन काय होणार? बापू आपल्याला बघून घाबरणार. आपण दार वाजवणार आणि ते आतून कोण उघडणार? हे त्याने स्वतःला सांगितलेलं कारण. त्याच्याखाली आणखी एक विचार होता, आणि तो आला तेव्हा परीक्षितला हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. तसंही तिथे कोणीतरी आहेच, असा तो विचार होता. दाढी करतंय, चहा पितंय, गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतंय. आपल्याहून बरंच करतंय.

त्याने तिकीट रद्द केलं आणि खाली बेसमेंटमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी जाईला मेसेज टाकला, पोचलो.

६

घर रिकामं असलं की बेसमेंटमधून वरचे सगळे आवाज ऐकू येतात. फ्रिज मध्येच दचकून सुरू होतो. छतावरचं बर्फ वितळून पन्हाळीतून टपटपतं. परीक्षित पडदे लावून, वरचे दिवे न लावता राहत होता. शेजारच्या क्लॅरिसाला जाईने सांगून ठेवलं असणार की नवरा इंडियाला गेलाय. स्वतःच्या घरात चोरासारखं वावरताना त्याला स्वतःचा राग यायचा. मग तो कामात डोकं खुपसायचा.

जाई फोन करेल याची त्याला धास्ती होती. काय सांगायचं, हे त्याने ठरवूनही ठेवलं होतं. पहिल्या दिवशी तिचा मेसेज आला, बापूंना नमस्कार सांग. त्यानंतर काहीच नाही. फोन नाही, मेसेज नाही. हॅमिल्टनला भावाकडे रमली असेल, असं म्हणून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. नातेवाइकांचा ग्रुप त्याने केव्हाचाच म्यूट करून टाकला होता. रोजचे सुविचार कोण वाचणार?

एकदा मात्र त्याने पुन्हा ती ओळ टाइप केली. पासवर्ड मागितला जाईल, नाकारला जाईल, एवढीच अपेक्षा. पण या वेळी पासवर्डही मागितला नाही. कर्सर लुकलुकत राहिला आणि हेडफोनमध्ये आवाज आला. पंख्याची करकर. कोणीतरी कष्टाने घेत असलेला श्वास. आणि त्या श्वासाला धरून, अगदी हळू, कोणीतरी म्हणत होतं, "आहे मी, बापू. आहे."

तो आवाज परीक्षितचा होता. पण इतक्या मऊपणे आपण कधी कोणाशी बोललो असू, असं त्याला आठवेना. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. थोड्या वेळाने पुन्हा कानाला लावले, तेव्हा नुसता पंखा ऐकू येत होता.

काय झालं ते त्याला कळलं होतं. पण विचारायचं कोणाला? आणि कुठून बोलतोय म्हणून सांगायचं? रिलीज वेळेवर गेलं. मॅनेजरने टाळ्यांचं चित्र पाठवलं.

७

शनिवारी सकाळी माधवीताईचा फोन आला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, अमरावतीला असते.

"पोचलास का रे नीट?"

परीक्षितने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जाई येणार होती ना एअरपोर्टवर घ्यायला? आता घरी जाऊन पोटभर जेव. इथे धड दोन घास खाल्ले नाहीस. तू होतास म्हणून रे. मला तर पोचायला उशीरच झाला. शेवंताबाई सांगत होती, शेवटपर्यंत बापूंचा हात हातात घेऊन बसला होतास. मी मोठी, पण मला सुचत नव्हतं काही. घाटावर सगळं तूच निभावलंस. अग्नी देताना, अस्थी नेताना, किती शांत होतास! लोक म्हणत होते, मुलगा असावा तर असा."

ती रडत होती. परीक्षित फोन धरून उभा होता. बापू गेले, हे त्याला आता कोणीतरी स्पष्ट सांगितलं होतं. सांगणाऱ्या बाईला मात्र वाटत होतं की त्याला ते तिच्याही आधी माहीत आहे.

"एक विचारू का? रागावू नकोस," ताई बहुधा डोळे पुसत म्हणाली. "एवढ्या उन्हात तो स्वेटर काही तू अंगातून काढला नाहीस. बरं नव्हतं का तुला?"

मी नव्हतो, ताई. एवढंच तर म्हणायचं होतं. पण 'मी नव्हतो' म्हटलं की 'मी आलो नाही' हेही म्हणावं लागणार. मग मी कुठे होतो, तेही. आणि बापूंचा हात धरून बसणारा, अग्नी देणारा तिचा भाऊ तिच्याकडून काढून घ्यावा लागणार. त्याच्या जागी तिला द्यायला परीक्षितपाशी होतं काय?

"बरा आहे मी, ताई," तो म्हणाला. "पोचलो."

फोन ठेवला, तेवढ्यात डोक्यावर गॅरेजचं दार घरघरत वर गेलं. गाडी आत आली. एक दार लागलं, मग दुसरं, मग तिसरं. किल्ली फिरली. बॅगेची चाकं लाकडी जमिनीवरून गडगडत आली आणि थांबली. परीक्षितची स्वतःची बॅग अजून बेसमेंटच्या कोपऱ्यात, भरलेली तशीच पडली होती.

"बूट काढ गं आधी," जाईचा आवाज. मग अगदी हळवा, त्याच्याशी ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती तसा, "तू बस. मी चहा टाकते. बिनसाखरेचा ना?"

"बाबा, बेसमेंट लाइट इज ऑन," ऊर्मी म्हणाली.

"राहू दे," वरचा परीक्षित म्हणाला. "मशीन चालू आहे तिथे. बंद नको करू."

परीक्षित जिन्यापाशी आला. वर जायचं, दार ढकलायचं, माझं घर आहे म्हणून ओरडायचं, सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. तो चार पायऱ्या चढलासुद्धा. दाराच्या फटीतून स्वयंपाकघराचा तुकडा दिसत होता. टेबलाची कड, जाईचा पाठमोरा खांदा, आणि तिच्या हातात घट्ट धरलेला एक हात, मनगटापर्यंत निळा.

"सांगशील?" जाई विचारत होती. "फोनवर तुला बोलवत नव्हतं. आता सांगशील, कसे गेले बापू?"

खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज झाला. तिथे एक जण असा होता जो शेवटी बापूंजवळ होता. दुसऱ्या कोणाला विचारायची सोय उरली नव्हती. परीक्षितने पुढे केलेला हात मागे घेतला, आवाज न करता पायरीवर बसला आणि दाराला कान लावला.